यादीतली पंचविसावी

यादीत आपलं नाव सगळ्यांत खाली आहे, याचं कांताबाईंना काही वाटलं नाही. वाटलं ते नावापुढची तारीख बघून. कागद मराठीत टाईप केलेला होता, वर पालिकेच्या योजनेचं लांबलचक नाव, खाली पंचवीस ओळी. नाव, वय, पत्ता, आणि शेवटच्या रकान्यात 'कामावर रुजू झाल्याची तारीख'. क्रमांक चोवीस : हेमा, वय एकोणीस, राहणार अप्पर इंदिरानगर, रुजू चौदा फेब्रुवारी. क्रमांक पंचवीस : कांताबाई संभाजी ओव्हाळ, वय चोपन्न, राहणार बिबवेवाडी, रुजू एक मार्च दोन हजार पाच. एक मार्चला मंगळवार होता. त्या दिवशी त्यांनी डब्यात मेथी आणली होती, हेमाच्या तीन कॉईली कापून टाकल्या होत्या, आणि दुपारच्या चहाला साखर कमी पडली म्हणून सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी कुरकुर केली होती. पहिल्याच दिवशी साखरेवरून कुरकुर करणारं नवीन माणूस त्यांनी तरी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना हसू आलं. चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, पुन्हा लावला. तारीख तीच होती.

तसं त्यांना हे नवीन नव्हतं. गेल्या गुरुवारी नासिरभाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सगळं नीट समजावलं होतं. केबिन म्हणजे शेडच्या कोपऱ्यात प्लायवूड लावून अडवलेली जागा. तिथं कुजबुजलं तरी बाहेर कळायचं. पण त्या दिवशी नासिरभाईंनी दार लोटून घेतलं, तेव्हाच काहीतरी वेगळं आहे हे त्यांना समजलं. शहरातले छोटे कारखाने एकेक करून हद्दीबाहेर चालले होते. ते इथंच राहावेत, वाढावेत, इथल्या माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून पालिकेनं सवलत काढली होती. नव्या वर्षात पंचवीस नवीन माणसं कायमची नेमा, तुमच्याकडे येणाऱ्या तांब्याच्या तारेवरची जकात पाच वर्षं माफ. त्या भरवशावर नासिरभाईंनी मागची मोकळी जागा घेऊन दुसरी शेड उभी केली होती. पत्रे चढले होते, लाईट तेवढी यायची होती. माणसंही पंचवीस झाली होती. पण पंचविसावी, धनकवडीची एक मुलगी, दहा दिवस राहिली आणि मॉलमध्ये लागली. तिथं एसी आहे म्हणाली. तिच्या जागी तिघं-चौघं येऊन नुसतं बघून गेली. तांब्याच्या तारेनं बोटं कापून घ्यायची हौस आता कुणाला राहिली नव्हती. हिंजवडीतल्या कंपन्यांच्या गाड्या पोरापोरींना दारातून उचलून नेत होत्या. आणि तपासणी सतरा तारखेला होती.

"फक्त कागदावर, वहिनी," नासिरभाई म्हणाले होते. "राजीनामा अठ्ठावीस फेब्रुवारीचा, नेमणूक एक मार्चची. तुमचं टेबल, तुमचा पगार, तुमच्या रजा, सगळं आहे तस्सं. मागच्या बावीस वर्षांचं जे काय असेल ते माझ्या जबानीवर. माझी जबान तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणून तर बसलेय. सही कुठं करू ते सांगा," कांताबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही कागदांवर न वाचता सही केली. त्या चिडतील, निदान दोन प्रश्न विचारतील, अशी तयारी करून नासिरभाई बसले होते. ती फुकट गेल्यामुळे ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

घरी राकेशला सांगितलं तर तो जेवता जेवता हसला. "आई, त्यात काय एवढं? आमच्यात तर प्रत्येक वेळी नवीन डेट ऑफ जॉइनिंग. मी दोन वर्षांत तीनदा नवीन झालोय." आणि ते खरंच होतं. दर वेळी कंपनी बदलली की तो पेढे घेऊन यायचा आणि गळ्यातलं नवीन कार्ड आईला दाखवायचा. एकाच ठिकाणी बावीस वर्षं बसून राहणं त्याला जरा लाजिरवाणं वाटायचं, आणि ते त्यानं प्रेमापोटी कधी बोलून दाखवलं नव्हतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते संपले की पुन्हा नवं व्हायचं, असं याच्या पिढीनं ठरवूनच टाकलंय, असं कांताबाईंच्या मनात आलं. त्यांना त्याचा रागही आला नाही. आपल्याला नक्की काय टोचतंय हे त्या आठवडाभर धुंडाळत होत्या. पैसा बुडणार नव्हता. टेबल जाणार नव्हतं. आपण वर्षानुवर्षं ज्या घरात जातो त्या घरच्या सुनेनं एक दिवस दार अर्धं उघडून 'कोण पाहिजे?' विचारावं, तसं काहीसं होतं ते. दार काही बंद झालेलं नसतं, पाणीही मिळतं, चहाही मिळतो. पण पाय आत टाकताना एकदा चपलेकडे लक्ष जातंच.

साडेदहा वाजले होते. तपासणीच्या बाई अकराला येणार होत्या. कांताबाईंनी यादी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आणि हात कामाला लावला. काम सांगायला सोपं होतं. लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळायची, ठरलेले वेढे झाले की कॉईल बांधून उतरवायची. मग ती मोटरीत बसते, आणि मोटर कुठंतरी विहिरीतलं पाणी वर ओढते. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत चिंधी धरून तिच्यातून तार सोडायची. या मोटरीला एकशे चाळीस वेढे. कांताबाई विसांत मोजत. वीस झाले की डाव्या वाटीतला एक चिंचोका उजव्या वाटीत. सात चिंचोके झाले की कॉईल. मोजताना कुणी बोललं तर त्या मान हलवायच्या, हसायच्या, हो-नाही म्हणायच्या, आणि आकडा आत कुठंतरी आपला आपण चालत राहायचा. राकेशच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा तो चुकला नव्हता. तर्जनीच्या पेरावर तारेनं एक बारीक चर पाडला होता. विहारात हात जोडले की त्यांना तो दुसऱ्या बोटाला लागायचा.

पहिल्या दिवशी बोट नुसतं रक्तबंबाळ झालं होतं. ब्याऐंशी सालची दिवाळी होऊन आठवडा झाला होता, आणि संभाजीला जाऊन दोन महिने. कावीळ, पंधरा दिवसांचं दुखणं. संभाजी आणि नासिर नाना पेठेत जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या एका दुकानात बरोबर होते. संभाजी मोठा, नासिर हाताखाली. पुढं नासिरनं बिबवेवाडीत स्वतःचा पत्रा टाकला तेव्हा पहिला माणूस म्हणून संभाजीच यायचा होता. तो आला नाही, म्हणून कांताबाई आल्या. एवढा सरळ व्यवहार होता तो. दोन वर्षांच्या राकेशला शेजारणीकडे टाकून त्या आल्या, तेव्हा शेडमध्ये एक टेबल, एक फर्मा आणि चोवीस वर्षांचा नासिर होता. तो त्यांच्याकडे बघायलाही लाजत होता. त्यांनी दांडा जोरात फिरवला, तार ताणली, बोट चिरलं. नासिर चिंधी घेऊन धावला. "वहिनी, तार ओढायची नाही. येऊ द्यायची." मग जरा थांबून, जमिनीकडे बघत म्हणाला, "हे मला संभाजीदादांनीच शिकवलंय." संभाजी घरी कामाचं अवाक्षर बोलत नसे. जेवायचा, मुलाला खेळवायचा, झोपायचा. मेल्यानंतर दोन महिन्यांनी त्याचं एक वाक्य असं परक्याच्या तोंडून त्यांच्याकडे आलं होतं. बोटातून रक्त येत होतं म्हणून त्या दिवशी रडायला सोय झाली.

तेव्हापासून शेडमध्ये जो कुणी आला त्याला त्यांनीच शिकवलं. किती मुली आल्या, लग्नं होऊन वारज्याला, हडपसरला गेल्या, बाळंतपणं उरकून परत आल्या. आणि कात्री त्यांनीच चालू केली. एकदा लोणी काळभोरचा एक म्हातारा स्कूटरवर पायाशी मोटर ठेवून आला. ती त्यानं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, ही तुमचीच हाय का?" मोटर चार दिवसांत जळाली होती. उघडून बघितलं तर आत एक ढिली कॉईल, वेढे एकमेकांवर घसटून तारेवरचं इनॅमल गेलेलं. म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं चहा घेतला, मोटर तिथंच ठेवली आणि 'सवडीनं बघा' म्हणून निघून गेला. कांताबाईंना दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. त्यानंतर नियम झाला. कॉईल खराब झाली की त्याच जागी, दुसरं काही करायच्या आत, कात्रीनं कापायची. बाजूला ठेवायची नाही. ठेवली की ती चांगल्यांत मिसळते, आणि मिसळली की कुणाच्या बापालाही सापडत नाही. नवीन मुली रडायच्या. हेमा तर पहिल्या आठवड्यात म्हणाली होती, "मावशी, तुम्ही माझी कॉईल कापता ना, तेव्हा मलाच कापल्यासारखं होतं." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "होऊ दे. त्यानंच हात शहाणा होतो." आता महिन्याभरात हेमाचा हात चांगलाच शहाणा झाला होता. एक मार्चच्या त्या तीन शेवटच्या. नंतर कापावी लागली नव्हती.

अकराला पाच कमी असताना फाटकात स्कूटी थांबली. कांताबाईंना वाटलं होतं कुणी जाडजूड बाई येतील, पर्स सांभाळत. आली ती राकेशहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल अशी सडपातळ मुलगी, खांद्यावर कापडी पिशवी, केस घट्ट बांधलेले. "मी आम्रपाली, पालिकेकडून तपासणीला आलेय," ती नासिरभाईंना म्हणाली, आणि कांताबाईंच्या हातातला दांडा अर्ध्या फेऱ्यापुरता मंदावला. आम्रपाली. हे नाव आपल्याच घरांतून ठेवतात. त्या सहज मनात तिचं घर बांधून मोकळ्या झाल्या. भिंतीवर बाबासाहेब, बाजूला बुद्ध, परीक्षेच्या दिवसांत आई रेडिओ बंद ठेवणारी. छप्पन्नमध्ये त्या स्वतः पाच वर्षांच्या होत्या. घरात सगळ्यांनी पांढरं नेसलं होतं, आणि बापानं त्यांना मांडीवर घेऊन पंचशील पाठ करून घेतलं होतं, अर्थ पुढे कळेल म्हणून. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. पन्नास वर्षं दर रविवारी म्हणत आल्या होत्या. दुसऱ्या कुणाशी खोटं बोलताना एवढं जड गेलं असतं का, कोण जाणे. पण आपली मुलगी साहेब होऊन दारात आली, आणि आपण तिला पहिलं काय देणार, तर खोटं. त्यांना वाटलं, उठून न्हाणीत जावं आणि ती जाईपर्यंत बाहेरच येऊ नये. पण नासिरभाई तिच्यामागं उभे होते. नवीन शर्ट घातला होता त्यांनी, आणि कॉलरशी दोन वेळा हात गेला. या माणसानं राकेशच्या तापात रिक्षा थांबवून ठेवली होती, संभाजीच्या वर्षश्राद्धाला नव्हे, आपल्यात ते नसतं, पण त्या तारखेला न चुकता अर्धा दिवस सुट्टी दिली होती, कारण न विचारता. त्या बसूनच राहिल्या.

आम्रपाली एकेका टेबलापाशी थांबत, नाव विचारत, यादीवर टिक करत आली. तिचं विचारणं गोड होतं पण फालतू नव्हतं. "पगार वेळेवर? रजा मिळते? संडास कुठाय मुलींसाठी, दाखवा." नासिरभाईंनी दाखवलं. चोवीस टिका झाल्या. मग ती कांताबाईंपाशी आली.

"कांताबाई ओव्हाळ?"

"हो."

"कधी लागलात, मावशी?"

"एक तारखेला." आवाज अगदी सरळ आला. खोटं इतकं सोपं असतं हे चोपन्नाव्या वर्षी कळलं.

"आधी कुठं होतात?"

याचं उत्तर कुणी ठरवलंच नव्हतं. "घरीच," त्या म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात बावीस वर्षं गडप झाली. एवढ्या सगळ्या मुली, एवढ्या मोटरी, तो लोणीचा म्हातारा, सगळे जण कुठल्याशा घरात बसून राहिले.

"करून दाखवा ना एक. मला बघायचंय कसं करतात," आम्रपाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत संशय बिलकूल नव्हता, नुसतं कुतूहल होतं. ते जास्त वाईट होतं.

कांताबाईंनी फर्म्याला तार अडकवली. हात नेहमीसारखा सुटला असता तर पंधरा दिवसांची नवशिकी म्हणून कुणी मानलं नसतं; हातच्या कांकणाला आरसा कशाला. म्हणून त्यांनी अंगठा सैल केला. नुसता सैल करायचा, तेवढंच. पण अंगठा आपोआप आवळत होता आणि त्याला पुन्हा पुन्हा सैल करावं लागत होतं. झोपलेल्या मुलाच्या मुठीतून आपला पदर सोडवावा तसं. तार ढिली पडून फर्म्यावर लपकू लागली, एक वेढा दुसऱ्यावर चढला. आणि एवढ्यात बाजूच्या टेबलावरून हेमा उठून आली. तिला सकाळी सांगून ठेवलं होतं, मावशी नवीन आहेत असं दाखवायचं. पोरगी बिचारी मन लावून दाखवायला लागली.

"नाही हो मावशी, असं नाही," हेमा म्हणाली. तिनं कांताबाईंच्या हातावर हात ठेवला. "तार ओढायची नाही. येऊ द्यायची."

कांताबाईंनी तिच्याकडे बघितलं. हेमाच्या चेहऱ्यावर नाटकाचा मागमूस नव्हता. ते वाक्य तिचं झालेलं होतं. संभाजीकडून नासिरकडे, नासिरकडून आपल्याकडे, आणि आता हे एकोणीस वर्षांचं पोर ते आपल्याला परत करतंय, काही ठाऊक नसताना. त्यांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि धाय मोकलून रडावंसंही. त्या दांडा फिरवत राहिल्या. सातवा चिंचोका उजव्या वाटीत पडला. वेढे एकशे चाळीसच झाले होते. ते चुकवणं काही केल्या जमलं नव्हतं. कॉईल उतरवली ती मात्र ढिली, वेडीवाकडी, बघवेना अशी.

"घाबरलात का?" आम्रपाली वाकून हळू आवाजात म्हणाली. "घाबरू नका, मावशी. या वयात नवीन काम शिकताय, सोपं आहे का ते? येईल हळूहळू." आणि तिनं यादीवर पंचविसावी टिक केली. ती नासिरभाईंकडे वळून नवीन शेडच्या लाईटचं काहीतरी विचारू लागली. नासिरभाईंनी सुटकेचा श्वास सोडला तो कांताबाईंना पाठीमागूनही दिसला.

झालं होतं सगळं. आता ती गेली की चहा सांगायचा, साखर जास्त घालून. तेवढ्यात सर्जेराव ट्रे घेऊन आला. दर तासाला टेबलांवरच्या कॉईली गोळा करून मोटर भरणाऱ्यांकडे न्यायचं त्याचं काम. सकाळपासून त्यालाही बजावलं होतं, रोजच्यासारखं चालू ठेव म्हणून. त्यानं रोजच्यासारखं चालू ठेवलं. हेमाच्या सहा कॉईली उचलल्या, कांताबाईंच्या आधीच्या चार उचलल्या, आणि ती पाचवीही उचलली. न बघता. कांताबाईंच्या टेबलावरची कॉईल बघून घ्यायची असते असं बावीस वर्षांत कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ट्रे चालू लागला. चौथं टेबल, पाचवं टेबल. प्रत्येक टेबलावर त्यात आणखी कॉईली पडत होत्या, आणि ती खाली खाली जात होती. कांताबाई आपल्या हातांकडे बघत बसल्या. नंतर शोधू, त्या स्वतःला म्हणाल्या. बाई गेली की लगेच जाऊन शोधू. पण नंतर म्हणजे केव्हा. भरणारे हातात येईल ती घेतात आणि मोटरीत ठोकतात. लोणीच्या म्हाताऱ्याचा कप, त्याच्या मिशीला लागलेला चहा, त्याचं ते सवडीनं बघा म्हणणं. सहावं टेबल.

त्या उठल्या. गुडघा स्टुलाला लागला, स्टूल पडलं, त्याचा आवाज झाला. त्यांनी सर्जेरावला दंडाला धरून थांबवलं, ट्रेमध्ये हात घातला आणि न बघता, नुसत्या बोटांनी, तीस-चाळीस कॉईलींतून ती एक बाहेर काढली. भिंतीवरच्या खिळ्याला कात्री होती. त्यांनी कॉईल कापली. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा, गरज नसताना. तांब्याचे तुकडे फरशीवर पडले.

सगळी शेड थांबली होती. आम्रपाली परत आली. "अहो मावशी, हे काय केलंत?"

"खराब होती."

"मग राहू द्यायची. नवीन आहात तुम्ही. कुणी रागावलं नसतं."

"मी रागावले असते," कांताबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं मीच रागावतेय इथं."

ते तोंडातून गेल्यावर त्यांना ऐकू आलं. परत घ्यावं असं मात्र वाटलं नाही. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं आणि त्याच वेळी नासिरभाईंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. हेमानं पटकन पडलेलं स्टूल आणून त्यांच्यामागं ठेवलं.

"माझं खोटं लिहिलंय त्यात, बाई," कांताबाई बसत म्हणाल्या. "खोटं मीच बोलले. माझ्या मुलीच्या वयाची तू, तुझ्याशी बोलले."

"त्यांचं काही नाही, मॅडम," नासिरभाई पुढे आले. "चूक माझी आहे. वहिनींनी फक्त सही केली, तीही मी सांगितलं म्हणून."

आम्रपाली दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "नक्की कधी लागल्या या?"

"चोवीस नोव्हेंबर ब्याऐंशी," नासिरभाई म्हणाले. त्यांना रजिस्टर उघडावं लागलं नाही. "बुधवार होता."

कांताबाईंना वार आठवत नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

आम्रपालीनं यादी टेबलावर ठेवली, पंचविसावी ओळ पट्टी लावून खोडली, बाजूला सही केली. तिचा चेहरा आता साहेबाचा होता. "मुख्य कागदावर माझी सही अजून व्हायची आहे. झाल्यावर कळलं असतं तर फौजदारी होती. आता ही नजरचूक म्हणून दुरुस्त करते. चोवीस. आणि चोवीसला सवलत नाही, हे तुम्हाला माहिती आहे. यादी आज बंद होतेय." नासिरभाईंनी मान हलवली. विनवणी त्यांनी केली नाही, आणि कांताबाईंना त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. जाताना ती मुलगी स्टुलापाशी थांबली. कांताबाईंचा डावा हात उचलून तिनं तर्जनीवरचा चर अंगठ्यानं चाचपला. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "येते मावशी. जयभीम."

"जयभीम, बाळा," कांताबाई म्हणाल्या.

स्कूटीचा आवाज लांब गेल्यावर त्या आपण होऊन केबिनमध्ये गेल्या आणि दार लोटून घेतलं. नासिरभाई पंख्याकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं नाहीत तुम्ही."

"पहिल्यांदा?"

ते हसले. हसताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. शेड अर्धीच चालू करू, म्हणाले. जकात भरून जेवढं झेपेल तेवढं. मुलं जमतील तेवढी ठेवतो, पण एक तरी कमी करावं लागेल, आणि शेवटी आलेलं आधी जातं, ही तर सगळीकडची रीत. म्हणजे हेमा.

"तिला ठेवा," कांताबाई म्हणाल्या. "महिनाअखेरीला मी जाते."

"वहिनी, वेड लागलंय का? चार वर्षं आहेत अजून तुमची."

"राकेश कमावतोय. मी उपाशी मरत नाही. आणि तो राजीनामा फाडून टाका. दुसरा लिहा, खऱ्या तारखांचा, मी वाचून सही करते. नवीन म्हणून राहण्यापेक्षा जुनी म्हणून गेलेली बरी." आपण हे रागानं म्हणतोय का, असं त्यांनी स्वतःला विचारून बघितलं. राग नव्हता. पण उद्या सकाळी साडेआठला, आणि परवा, आणि त्यापुढच्या सगळ्या साडेआठांना या हातांचं करायचं काय, हा प्रश्न एकदम समोर येऊन उभा राहिला आणि त्यांना या माणसाचा, या प्लायवूडचा, वार्निशच्या वासाचा इतका लळा आहे हे त्यांनाच नव्यानं कळलं.

नासिरभाईंनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग घसा खाकरून म्हणाले, "हेमाचा हात बसायला हवा ना पण. तुम्ही जाल आणि ती कॉईली बिघडवत बसेल. अर्धा दिवस येऊन तिच्याजवळ बसा, तिचा हात बसेपर्यंत. किती दिवस लागतील?"

प्लायवूडच्या फटीतून हेमाचं टेबल दिसत होतं. पोरगी खाली मान घालून दांडा फिरवत होती. अंगठा जिथं हवा तिथं होता, तार चिंधीतून सरसर येत होती, ओढ नव्हती, लपका नव्हता. तिनं कॉईल उतरवली, बांधली, उजेडाकडे धरून स्वतःच तपासली. फार तर आठ दिवस. आठही कशाला.

"सहा महिने," कांताबाई म्हणाल्या.

नासिरभाईंनी फटीतून बाहेर बघितलं. बावीस वर्षं कॉईली त्यांनीही बघितल्या होत्या. हेमानं दुसरी कॉईल सुरू केली.

"वर्ष धरू," ते म्हणाले.